नानांचा शिल्लक रकाना

आमच्या कचेरीत एक शब्द सगळ्यांचा लाडका होता. निरंक. सरकारी कामात ज्यांनी चार दिवस काढलेत त्यांना तो सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. वरून माहिती मागवणारं पत्र आलं आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसलं, की त्या रकान्यात 'निरंक' असं लिहून मोकळं व्हायचं. प्रलंबित तक्रारी, निरंक. सर्पदंशाचे रुग्ण, निरंक. माणूस या शब्दाला एकदा सरावला की जगात कुठे काही बाकी आहे असं त्याला वाटेनासं होतं. हा शब्द न वापरणारा एकच माणूस मी त्या कचेरीत पाहिला. गजानन तरे, वरिष्ठ लिपिक. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना गेले त्याला आता दोन पावसाळे झाले.

कचेरी कुठली ते सांगत नाही. भिवंडी तालुक्यात कचेऱ्या पुष्कळ आहेत, त्यातली एक समजा. मी तिथे कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा माझं टेबल नानांच्या शेजारी आलं. खिडकीपाशी ते, भिंतीपाशी मी. लहान चणीचा, उन्हाने रापलेला माणूस. कायम पांढरा शर्ट, कायम रबरी चपला. नखांच्या कडेला वाळलेला चिखल. वरिष्ठ लिपिकाच्या नखांत चिखल कसा, हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

त्यांच्याकडे जो अहवाल होता तो कुणालाच नको होता म्हणून त्यांच्याकडे आला होता. हवामान बदल रोखण्यासाठी शासनाने काय काम केलं आणि काय करायचं राहिलं, याचा तालुक्याचा वार्षिक अहवाल. विषय नवा, रकाने जुनेच. काम, उद्दिष्ट, साध्य, शिल्लक, शेरा. दुसऱ्या कुणाकडे असता तर तो तीन दिवसांत भरून झाला असता. नाना त्यावर वर्षभर असत. त्यांच्याकडे एक लांबट कच्ची वही होती आणि त्या वहीची एक रीत होती. साध्य पेन्सिलीने लिहायचं आणि शिल्लक पेनाने.

"उलटं नाही का हे, नाना?" मी एकदा विचारलं. "झालेलं काम पक्कं, ते पेनाने नको का?"

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "झालेलं काम कवा बिघडंल सांगता येतं काय, बाय? राहिलेलं कुठं जात न्हाय."

याचा अर्थ मला वज्रेश्वरीला कळला. तिकडच्या एका वसतिगृहात सरकारी योजनेतून शेणाच्या गॅसचं सयंत्र बसवलं होतं. कागदावर ते 'साध्य' होतं. नाना एसटीने निघाले, साहेबांनी मलाही सोबत धाडलं. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी मोठ्या कौतुकाने त्या गॅसच्या मंद आचेवर सावकाश चहा केला. नाना दोन कप प्यायले, त्यांनी सयंत्राभोवती एक फेरी मारली आणि वहीत पेन्सिलीने टिपलं. मला वाटलं, झालं. पण पुढच्या वर्षी पुन्हा तीच एसटी, पुन्हा तोच चहा. या वेळी नाना पहिल्या घोटालाच थांबले.

"बाई, चहा लवकर आला यंदा."

बाई आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. सयंत्र पावसाळ्यापासून बंद पडलं होतं. म्हशींचा गोठा रस्त्यापलीकडे हलवला होता आणि शेण वाहून आणायचं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. पाहुणे येणार म्हणून बाईंनी मुकाट्याने सिलिंडर लावला होता. नाना रागावले नाहीत. खोडरबर काढून त्यांनी साध्यमधली ओळ पुसली आणि शिल्लकमध्ये पेनाने लिहिली. अहवालात ती तशीच वर गेली. वरून विचारणा आली, माणूस नेमला गेला, सयंत्र पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या वर्षी आम्ही चहाची चांगली वीस मिनिटं वाट पाहिली आणि नाना त्या वीस मिनिटांत इतके खूश होते की मला हसू आवरेना.

म्हणजे शिल्लक रकाना हा शोभेचा नव्हता. वर कुणीतरी तो वाचत होतं. हे नानांना ठाऊक होतं आणि बाकीच्यांना नव्हतं, एवढाच फरक.

सरकार काहीच करत नाही असं कुणी म्हटलं तरी नाना खवळत. "न्हाय कसं? शाळेवर सोलरची पॅनल हायत, मी शिडी लावून बघितलीत. खाडीत खारफुटीची तिवरं लावलीत, निम्म्याच्या वर जगलीत, ओहोटीला चिखलात उतरून मोजलीत मी." आणि सगळं झालं असं कुणी म्हटलं तरी तितकेच खवळत. त्यामुळे होई असं, की सरकारला शिव्या देणारे त्यांना सरकारचा माणूस म्हणत आणि सरकारची माणसं त्यांना अडेलतट्टू म्हणत. दुपारी डबा खायला त्यांच्यासोबत कुणी बसत नसे. त्याला सुक्या जवळ्याचा वासही एक कारण होता म्हणा. आम्ही कर्णिक पडलो मासे खाणारे, म्हणून मी बसायची. तांदळाची भाकरी ते स्वतः पहाटे थापून आणत. बायको गेल्याला बरीच वर्षं झाली होती, मुलगा कल्याणला फ्लॅट घेऊन राहिला होता. भाकरीला एका बाजूने कायम करपलेला डाग असे. तो भाग ते स्वतःकडे ठेवत आणि चांगला तुकडा माझ्या डब्यात टाकत.

आणखी एक गोष्ट कचेरीत चघळली जाई. नाना दर अमावास्या-पौर्णिमेला रजा घेत. न चुकता. आमचा शिपाई अन्वर तर दिनदर्शिका बघून त्यांचा रजेचा अर्ज आदल्या दिवशीच टेबलावर ठेवायचा. "नाना, कल अमावस है, साइन मारो," म्हणायचा आणि बाहेर जाऊन हसायचा. नवीन साहेब आले तेव्हा त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं की तरे जादूटोणा करतात. नखांतला चिखल हा पुरावा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "कर्णिक, त्या माणसाचं हे काय आहे?"

मला तोवर माहीत झालं होतं. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं. खारबावच्या पलीकडे खाडीकाठाला नानांचं गाव, आणि गावच्या शेतांना खाऱ्या पाण्यापासून राखणारा मातीचा जुना बांध. त्या बांधात पाणी सोडायचं एक फळ्यांचं दार होतं, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. पूर्वी अख्खं गाव मिळून दरवर्षी तो बांध डागडुजी करून ठेवायचं. मग गोदामं आली. भरणी टाकून भाताच्या खाचरांची गोदामं झाली, ट्रक आले, गावात दुमजली घरं उठली. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, भातशेतीवर कुणी दुमजली घर बांधल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पण बांधावर यायचं लोकांनी सोडलं. उलट खारं पाणी आत आलं तर शेत नापीक म्हणून दाखवायला आणि विकायला सोपंच जात होतं. राहिले एकटे नाना. उधाणाच्या दिवशी घमेलं आणि पेंढा घेऊन हा माणूस बांधावर जाई, जिथे पाणी पाझरेल तिथे चिखल थापी, ओहोटी लागली की घरी येऊन भाकरी खाई आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत साडेनऊला हजर. त्यांच्या बांधाआड त्यांची खाचरं होती, लाल भाताची, आणि गावाची पिण्याची विहीर होती.

मी हे साहेबांना सांगितलं. साहेब थोडे ओशाळले आणि म्हणाले, "मग सरळ सांगायचं ना."

नानांनी सरळच सांगितलं होतं. दर वर्षी, पेनाने, शिल्लक रकान्यात. 'खाडीबांध उंच करणे व उघाडी बदलणे, शिल्लक.'

एकदा ठाण्याला या विषयावर प्रशिक्षण होतं. थंडगार हॉल, गळ्यात ओळखपत्रं. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, हवामान बदल म्हणजे काय, प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगा. लोकांनी वायूंची नावं घेतली. नानांची पाळी आली तसे ते उभे राहिले. "मॅडम, माझ्या विहिरीच्या पाण्यात चहा फाटतो," म्हणाले आणि बसले. हॉलमध्ये हशा झाला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. चहाच्या सुट्टीत त्या नानांपाशी येऊन कितीतरी वेळ बोलत उभ्या होत्या. नाना त्यांना हाताने दाखवत होते. ते लहान असताना उधाणाचं पाणी उघाडीच्या दगडावर कुठवर यायचं आणि आता कुठवर येतं. आधी हात गुडघ्यापाशी होता, मग छातीपाशी गेला. परत येताना कशेळीच्या पुलावर नेहमीसारखे आमचे दोन तास गेले. नाना खिडकीतून खाली खाडीकडे बघत होते. एकदम म्हणाले, "त्या बाईनं लिहून घेतलं, बाय. वहीत लिहून घेतलं तिनं." एवढ्यावर माणूस इतका सुखावतो, म्हणजे तो किती एकटा असेल, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

नानांच्या निवृत्तीच्या वर्षी अहवाल ऑनलाइन झाला, आणि ज्या तालुक्याचं सगळं काम पूर्ण त्याला सन्मानचिन्ह, असं ठरलं. आमचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी तालुक्यात खरंच कामं केली होती. शिल्लकमध्ये आता एकच ओळ उरली होती, नानांची.

"नाना, एका ओळीपायी तालुका मागे राहतो," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी टाकू की."

"साहेब, ती ओळ न्हाय. बांध हाय."

"तुमच्याच गावचा."

हे साहेब बोलून गेले. स्वतःच्या शेतासाठी सरकारी कागद वापरतो, असा त्याचा अर्थ होता. नानांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं आणि ते जागेवर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

अहवाल भरायचा शेवटचा दिवस पौर्णिमेला आला. नाना रजेवर, बांधावर. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. एकेक रकाना भरत मी शिल्लकवर आले.

"काय टाकतेस?" साहेब म्हणाले. नुसतंच विचारलं. हे टाक, ते टाकू नको, असं ते म्हणाले नाहीत. आजवर मी ते मनात शंभरदा घोळवलंय, नाहीच म्हणाले.

मी 'नि' टाइप केलं. माझ्या कॉम्प्युटरला तो शब्द इतका पाठ झाला होता की पुढचं त्याने स्वतःच भरून दिलं. मी फक्त बटण दाबलं. माझ्या कंत्राटाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही, पण खरं आहे ते.

सन्मानचिन्ह आलं. माझं कंत्राटही वाढलं. सगळ्यांचा फोटो निघाला, त्यात नाना मागच्या रांगेत अर्धे झाकलेले आहेत. निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि त्या अहवालाची छापील प्रत दिली गेली, तुमचंच काम आहे म्हणून. समारंभ संपल्यावर ते आपल्या रिकाम्या टेबलापाशी बसून ती प्रत चाळत होते. त्या पानावर बोट थांबलेलं मला दिसलं. मी समोर उभी होते. वाटलं, ओरडावं यांनी, काहीतरी बोलावं.

"टाइप केलेलं पुसता येतं ना, बाय?"

"येतं, नाना."

"मंग पुस कवातरी." आणि शाल पिशवीत घालून ते निघाले. त्यांची कच्ची वही टेबलावरच होती. मी धावत जाऊन दिली तर म्हणाले, "तुझ्याकडं राहू दे."

मी पुसलं नाही. एकदा भरलेला अहवाल आमच्याकडून उघडत नव्हता, आणि उघडून द्या असं कुणाला विचारायचं धाडस मी केलं नाही. पुढच्या साली वरून पत्र आलं. वाढत्या उधाणांमुळे खाडीकाठचे बांध उंच करण्याचा मोठा कार्यक्रम मंजूर झाला होता. गावांची यादी सोबत होती. ती अहवालांच्या शिल्लक रकान्यांवरून केली होती. शेजारच्या तालुक्यातली गावं होती, आमचं एकही नव्हतं. आमचं काही राहिलंच नव्हतं ना.

त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शेअर रिक्षाने नानांच्या घरी गेले. गोदामांच्या मागे शेवटचं कौलारू घर. आजूबाजूला माणूस दिसेना, फक्त ट्रक मागे घेतानाचा तो पी पी आवाज. नाना ओट्यावर पेंढ्याच्या जुड्या बांधत बसले होते. मी सगळं सांगितलं. पत्र, यादी, आणि बटण मी दाबलं हे सुद्धा. ते आत गेले, चहा ठेवला. विहिरीच्या खारावलेल्या पाण्यात चहा फाटला. त्यांनी तो ओतून दिला, पुन्हा बाटलीतलं विकतचं पाणी घालून ठेवला आणि माझ्यासमोर आणून ठेवला.

"तू यायला नको होतंस उन्हाची," एवढंच म्हणाले.

मला रडू आलं. त्यांना काय करावं कळेना, तर त्यांनी शेजारचा पंखा माझ्याकडे वळवला.

साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांपुढे मी चूक कबूल केली. त्यांनी वर लिहिलं. उत्तर आलं की नाव यादीत घालता येईल, मात्र ग्रामसभेचा ठराव हवा. गावाला बांध हवाय, असं गावाने म्हणायला हवं. मला वाटलं, सुटलो. मी किती मूर्ख होते ते नानांच्या चेहऱ्यावरून कळायला हवं होतं. ते म्हणाले, "बघू."

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. वर छपरावर ती नानांनी शिडी लावून बघितलेली पॅनल. सरपंच नानांचा सख्खा पुतण्या. ग्रामसेवक दुसऱ्या गावच्या सभेत अडकले होते, म्हणून इतिवृत्त लिहायला मी बसले. पंचवीस-तीस माणसं होती. त्यातली निम्मी तरी नानांच्या भावकीतली, लहानपणी त्याच बांधावर नानांबरोबर चिखल तुडवलेली. पुतण्याने विषय वाचला. विरोधात कुणी बोललं नाही.

"बांधाच्या ठरावाच्या बाजूनं कोण हाय, त्यांनी हात वर करा."

नानांनी हात वर केला.

ते भिंतीला टेकून मागे बसले होते. पांढरा शर्ट, नखांत चिखल. हात सरळ वर, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा. माणसं समोर बघत होती, मोबाइलमध्ये बघत होती. मी त्या गावची नव्हते, मला हात वर करायचा हक्क नव्हता. तो वर करायची पाळी एकदा आली होती तेव्हा मी बटण दाबलं होतं.

पुतण्याला ते बघवेना. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, हात खाली घ्या. एकट्याचा ठराव होत न्हाय."

"न्हाय होत, ठाव हाय मला," नाना म्हणाले. "पण लिहायचं तर हाय ना?"

"काय लिहायचं त्यात? नामंजूर लिहितील त्या मॅडम."

"नामंजूर लिहा. पण बाजूनं किती, ते पण लिहा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "एक हाय ना, बाय? मंग एक लिही. निरंक लिहू नको."

त्याच वर्षी भाद्रपदाच्या उधाणात बांध गेला. तेव्हा नाना कल्याणला मुलाकडे आजारी होते, आणि तिथून ते परत आले नाहीत. तो अहवाल आता माझ्याकडे आहे आणि त्यांची लांबट वहीसुद्धा. पण मला नाना आठवतात ते त्या व्हरांड्यातले, कारण त्यानंतर ते मला दिसलेच नाहीत. त्या सभेत मी आधी 'नामंजूर' लिहिलं. मी मान खाली घालून 'ठरावाच्या बाजूने' असं लिहिलं, त्यापुढे 'एक' लिहिलं, आणि वर पाहिलं.

मी लिहीपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नव्हता.